पूजेसाठी बंद केलेलं मशीन

मशीनवर ओरडून उपयोग नसतो, माणसांवर ओरडून असतो, असं मला सव्विसाव्या वर्षी पक्कं वाटत होतं. त्या वयात माझ्या ताब्यात एक सर्व्हर होता आणि त्याच्यावर काम करणारी चौदा माणसं होती. मशीन माझं ऐकायचं, कारण त्याच्याशी त्याच्याच भाषेत कसं बोलायचं ते मला येत होतं. माणसं ऐकायची, कारण माझ्या तोंडी लागायची कोणाची तयारी नव्हती.

ऑफिस कर्वेनगरात एका बंगल्याच्या तळमजल्यावर होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि पुण्यात गॅरेजला काचेचं दार लावलं की सॉफ्टवेअरची कंपनी होत होती. आमचे सर त्यातल्या त्यात खरे इंजिनीअर. त्यांच्या वडिलांचं भोसरीला लेथ मशीनचं वर्कशॉप होतं. सरांनी ते भावाकडे सोपवलं आणि इकडे हा उद्योग मांडला. परदेशातल्या एका गिऱ्हाइकासाठी आम्ही प्रयोगशाळेतल्या रक्तलघवीच्या तपासण्यांचे रिपोर्ट सांभाळणारा प्रोग्राम लिहीत होतो. चौदा महिने चाललं होतं ते काम.

सर्व्हर होता स्वयंपाकघरात. म्हणजे बंगल्याचं मूळ स्वयंपाकघर; आम्ही तिथे एसी बसवला आणि काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर, गॅसच्या जागी, मशीन ठेवलं. बाहेर हॉलमध्ये प्रत्येकासमोर नुसता पडदा आणि कीबोर्ड. कोणी काहीही लिहिलं तरी साठायचं ते ओट्यावर. चहाची शेगडी मागच्या पॅसेजमध्ये हलवली होती, आणि त्याचा राग मावशींनी कधी सोडला नाही. "चुलीच्या जागी ह्यो बसवलाय," म्हणायच्या, "खातो काय आन् देतो काय."

मावशी म्हणजे ऑफिसचं सगळं बघणाऱ्या बाई. पन्नाशीच्या असतील. धायरीहून बसने यायच्या, सकाळी आठला कुलूप उघडायच्या, झाडलोट, चहा, टपाल, आल्यागेल्याला पाणी. नवरा मार्केट यार्डात हमाल होता. वीस वर्षं पोती उचलून त्याची पाठ गेली होती आणि तो घरात पडून होता. मावशींनी आमच्यासाठी चार घरची धुणीभांडी सोडली. "हितं बसायला खुर्ची हाय," एवढंच कारण त्यांनी मला सांगितलं होतं. ती चार घरं केव्हाच दुसऱ्या बायांनी धरली होती. हे काम गेलं असतं तर त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

आता माझ्याबद्दल. पुण्यात जात कोणी विचारत नाही. आडनाव विचारतात, मूळ गाव विचारतात, मग "असं होय" म्हणून चहाचा घोट घेतात. माझं आडनाव असं आहे की ते दोन्हीकडे सापडतं, त्यामुळे ऑफिसात माझी गाडी "असं होय"पर्यंत गेलीच नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. आमच्या घरात देव्हारा नाही, मूर्तिपूजा नाही. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते सांगायचे, "काम असं करावं की बोट ठेवायला जागा मिळू नये, मग बाकीचं कोणी काढत नाही." मी तसंच करत होते. कोण आहे ते मी लपवलं नव्हतं, फक्त सांगितलं नव्हतं, आणि या दोन्हींत फरक आहे असं मी स्वतःला बजावत असे.

हा फरक वर्षातून एकदा, खंडेनवमीला, मला छळायचा. सरांच्या वडिलांच्या वर्कशॉपची रीत ऑफिसात जशीच्या तशी आली होती. खंडेनवमीला यंत्रं थांबवायची, पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा. दसऱ्याला त्यांना हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी नारळ फोडून चालू करायची. वर्षभर राबणाऱ्या यंत्राला दोन दिवस विश्रांती, यात मला आक्षेप नव्हता. एवढी विश्रांती आम्हाला कोणी देत नव्हतं. पण ज्याचं यंत्र त्याने पूजा करायची असा नियम. पहिल्या वर्षी मी सकाळी दहालाच सर्व्हर रीतसर बंद केला, "बँकेत काम आहे" म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या वर्षी दाढ दुखली. दोन्ही वर्षी कुंकू दुसऱ्या कोणीतरी लावलं आणि विषय मिटला.

तिसऱ्या वर्षी गाडं अडलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा होता, म्हणून खंडेनवमीच्या दिवशीही पोरं बारापर्यंत काम करणार होती. मी म्हटलं, करा, बाराला मी मशीन बंद करते. पावणेबाराला सर तबक घेऊन हॉलमध्ये आले. रेशमी कुर्ता, कपाळावर गंध. मला म्हणाले, "मॅडम, या वर्षी सर्व्हरची पूजा तुमच्याच हातून होऊ दे. एवढं मोठं काम पार पडतंय. दर वर्षी कुठेतरी गायब होता तुम्ही."

ते प्रेमाने म्हणाले. तेच वाईट होतं. कोणी खवचटपणे म्हणालं असतं तर मी दोन शब्दांत वाटेला लावलं असतं. मी म्हणाले, "पाच मिनिटांत आले, सर," पर्स उचलली आणि बाहेर पडले. सर्व्हर चालू होता. माझ्याशिवाय त्याला हात लावायची कोणाची छाती होणार नाही, असा माझा तोरा होता.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी जाऊन उभी राहिले. नुसतं कसं उभं राहायचं म्हणून पर्समधली दहावीची मार्कलिस्ट काढली आणि तिच्या तीन प्रती काढायला सांगितल्या. त्या झाल्यावर आणखी तीन. दुकानदार म्हणाला, "नोकरी बदलताय वाटतं?" मी म्हटलं, "तुम्ही झेरॉक्स काढा." असा तास-सव्वा तास मी काढला.

परत आले तेव्हा सर भोसरीच्या पूजेला निघून गेले होते. बरीच पोरं पेढे खाऊन पांगली होती, पाच-सहा जण मागे रेंगाळत होते. आणि स्वयंपाकघरात ओट्यावर माझा सर्व्हर हार घालून बसला होता, कपाळाला कुंकवाची बोटं, समोर सुपारी. पंख्याचा आवाज नाही. भिंतीवरचा मेन स्विच खाली.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. डिस्कवर आपलं लिखाण सलग एका जागी नसतं. त्याचे तुकडे विखुरलेले असतात आणि कुठला तुकडा कुठे याची नोंद वेगळी असते. प्रत्येक फाइलला मशीन एक नंबर देतं. आपण दिलेलं नाव निराळ्याच यादीत असतं, अमुक नाव म्हणजे तमुक नंबर. शिवाय मशीन लिहिलेलं सगळं लगेच डिस्कवर उतरवत नाही. थोडं डोक्यात ठेवतं आणि सवडीने उतरवतं. म्हणून वीज घालवण्याआधी त्याला सांगावं लागतं, बाबा, आता आवर. ते आवरतं, नोंदी जुळवतं, मग स्विच. न सांगता स्विच बंद करणं म्हणजे एखाद्याला भरल्या ताटावरून उठवणं. नोंदी अर्ध्या राहतात, नावं एकीकडे आणि नंबर दुसरीकडे.

"हे कोणी केलं?"

मावशी पॅसेजमधून आल्या. "म्या केलं, ताई."

मग मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. अक्कल हा शब्द तीनदा आला होता. ज्यातलं कळत नाही त्यात हात घालू नये, झाडू मारायला ठेवलंय तर झाडू मारावा, असंही मी म्हणाले. मावशी पदराला हात पुसत उभ्या होत्या. एक अक्षर उलटून बोलल्या नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याने मला आणखी चेव आला.

भोसरीला फोन लावला. टेपवर रोजची प्रत काढायचं आमचं यंत्र पंधरा दिवसांपासून दुरुस्तीला गेलं होतं, हे सरांना माहीत होतं. मी त्यांना तीनदा आठवण करून दिली होती. म्हणजे शेवटच्या पंधरा दिवसांचं काम फक्त त्या डिस्कवर होतं. फोनवर मी झालेलं सगळं सांगितलं. सर म्हणाले, "मावशी मला म्हणाल्या, येतं मला बंद करायला. येतं म्हणे! आणि मी करू दिलं." मग त्यांनी विचारलं, "काम गेलं का?"

"चालू केल्याशिवाय कळणार नाही. आत्ता करू का?"

"पूजेत बसलेलं मशीन उठवायचं नाही," सर म्हणाले. "परवा." आणि मग, "सोमवारची डिलिव्हरी हुकली, तर मावशींना सांगून ठेवा, मंगळवारपासून येऊ नका. माझ्याच्याने त्यांचं तोंड बघवणार नाही."

मी तो निरोप तसाच्या तसा पोचवला. फार बरं वाटलं असं नाही, पण न्याय झाला असं वाटलं. मावशी म्हणाल्या, "बरं," आणि कपबश्या विसळायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा. सकाळी पांढरे कपडे करून सगळे विहारात, वंदना, मग घरी खीर. वडिलांनी विचारलं, "चेहरा का असा?" मी त्यांना मशीनचं सांगितलं, मावशींचंही सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि तू कुठे होतीस?" मी म्हटलं, "बाहेर काम होतं." वडिलांनी खिरीचा चमचा वाटीत ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा चमचा उचलला. मला त्यांचा राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ओट्याच्या कडेवर नारळ फुटला आणि मी स्विच वर केला. मशीन उठलं, स्वतःची तपासणी सुरू केली आणि मध्येच थांबलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं त्याचा अर्थ असा, की नोंदी जुळत नाहीत, मला आपणहून दुरुस्त करता येण्यातलं हे नाही, माणसाने स्वतः तपासणी चालवावी. खाली नुसतं एक चिन्ह लुकलुकत होतं.

मला यायचं ते हेच. त्या आज्ञेचं नाव आम्ही एफ-एस-चेक असं उच्चारायचो. ती फाइलींच्या सगळ्या नोंदी पाच फेऱ्यांत तपासते, चूक दिसली की थांबते आणि विचारते, हे असं आहे, दुरुस्त करू? आपण हो किंवा नाही म्हणायचं. बास. यात अवघड ते काय, असं वाटतं. अवघड हे, की काही ठिकाणी "हो" म्हणजे जोडणं असतं आणि काही ठिकाणी "हो" म्हणजे पुसून टाकणं. एकदा हो म्हटलं की परत फिरता येत नाही.

माझ्या मागे पोरांचा घोळका. त्यातला एक उत्साही म्हणाला, "मॅडम, वाय दाबून ठेवा ना. सगळ्याला यस. आपोआप होऊन जाईल."

"तुमच्याकडे डॉक्टर आला आणि म्हणाला, हा पाय कापू का, तर असंच वाय दाबून ठेवाल?"

घोळका दोन पावलं मागे सरला.

मी आधी सगळ्या प्रश्नांना "नाही" म्हणणारी तपासणी चालवली. तिच्यात मशीन काही बदलत नाही, फक्त काय काय बिघडलंय ते दाखवतं. दोनशेच्या वर प्रश्न निघाले. दोनशे पानी वही घेतली आणि एकेक उतरवून काढला: नंबर काय, मालक कोण, आकार किती, शेवटचा हात कधी लागला. मग हॉलमध्ये जाऊन ज्याच्या त्याच्या नावाने विचारलं. खंडेनवमीला अकरा वाजता तू काय लिहीत होतास? केवढी फाइल होती? जोडून घेऊ की जुनी आहे, जाऊ देऊ? निम्म्यांना आठवेना. जेवताना कोणाच्या डब्यात काय होतं ते सगळ्यांना आठवत होतं.

मग खरी तपासणी. दोन फाइली डिस्कवरच्या एकाच जागेवर हक्क सांगत होत्या, एसटीत एकाच नंबरची दोन तिकिटं निघावीत तशा. त्यातली खरी कुठली ते मी तारखेवरून ठरवलं, आधी दोन्हींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून घेतली आणि मगच खोटी पुसायला हो म्हटलं. आकार चुकलेले दुरुस्त केले. आजही सांगते, त्या खोलीत त्या दिवशी मी काय करत होते ते मला पुरतं कळत होतं, आणि पुण्यात तेव्हा ते कळणारे फार लोक नव्हते.

तिसऱ्या फेरीत मोठं भगदाड निघालं. प्रोग्रामच्या मुख्य भागाची यादीच गेली होती. एक्केचाळीस फाइली अशा, ज्यांचे नंबर शाबूत होते, मजकूर बहुधा शाबूत होता, पण नाव कुठेच नव्हतं. मशीनने एक्केचाळीस वेळा विचारलं, हिला जोडू? मी एक्केचाळीस वेळा वही बघून हो म्हटलं. अशा फाइली हरवल्या-सापडल्यांच्या एका कप्प्यात जाऊन पडतात, नावाच्या जागी नुसता आकडा घेऊन. आता त्या उघडून, वाचून, कोणाची कुठली ते ओळखायचं होतं.

दुपारचा एक वाजला होता. सकाळपासून चहा मिळाला नव्हता हे तेव्हा लक्षात आलं. मावशी एरवी दर तासाला खोलीत कप आणून ठेवायच्या. त्या दिवशी त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. मी पॅसेजमध्ये गेले. शेगडीवर चहा उकळत होता.

"आत का नाही आणलात?"

"नगं. परत माझा हात लागायचा कशाला."

मी कप घेतला. वाटलं, विचारूनच टाकावं. "मावशी, मशीन कसं बंद करतात ते तुम्हाला मी कधी दाखवलं होतं का?"

"न्हाई."

"मग सरांना 'येतं' असं का सांगितलंत?"

त्यांनी गॅस बारीक केला. "साहेब तबक घिऊन हुबे व्हते. म्हनले, ताईंना हुडकून आना, त्यांच्याच हातनं कुकू लावायचं, त्याबिगर पूजा न्हाई. मानसं सोडली चारीकडं. तुमी घावला असता, तर काय केलं असतं?"

मी कपात फुंकर मारली.

"तीन साल बघतीया. तुमी त्याच टायमाला जाता. आमच्या शेजारची बी न्हाई करत पूजा, तिच्या घरात बी बाबासाहेबांचा फोटू हाय. तवा म्हनलं, ताईंनी मला शिकवलंय, मला सांगून गेल्यात, मी करते बंद, मीच लावते कुकू. साहेब म्हनले, बरं. बटन खाली केलं. पंखा बंद करतो तसं आसंल म्हनलं."

"मी इतकं बोलले तुम्हाला. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सा मानसं व्हती तितं," मावशी म्हणाल्या. "सांगितलं असतं, तर तुम्ही का गेला व्हता ते निघालं असतं. चा घ्या, निवतोय."

मी चहा प्यायले. चव कळली नाही. मला लाज वाटत होती, अगदी कान तापेपर्यंत, आणि लाज वाटली की मला आधी राग येतो. तो काढायला समोर कोणी नव्हतं म्हणून मी परत सर्व्हरच्या खोलीत गेले.

उरलेलं काम आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. एकेक फाइल उघडायची, पहिल्या ओळी मोठ्याने वाचायच्या, "ही कोणाची?" एका पठ्ठ्याला प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला गिऱ्हाइकाच्या नावाने इरसाल मराठी शिवी लिहायची सवय होती. परदेशी माणसाला थोडीच कळणार, असा हिशोब. त्याच्या नऊ फाइली त्या शिव्यांवरून चटकन सापडल्या. मोठ्याने वाचण्याचं काम मी मुद्दाम त्यालाच दिलं. पाचला एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फाइलींना नावं मिळाली. तपासणी पुन्हा चालवली. चार किरकोळ तक्रारी निघाल्या, त्या मिटवल्या. तिसऱ्यांदा चालवली. पाचही फेऱ्या पार पडल्या आणि मशीनने एकही प्रश्न विचारला नाही. सगळ्या फाइली जोडून प्रोग्राम बांधून बघितला, चालला. खंडेनवमीच्या शेवटच्या अर्ध्या तासात लिहिलेलं तेवढं गेलं होतं, ते पोरांनी रविवारी पुन्हा लिहिलं.

सोमवारी डिलिव्हरी गेली. संध्याकाळी सरांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. पेढे होते. माझं कौतुक झालं. "पुण्यातल्या मोठ्या मोठ्या कंपन्यांत असा माणूस नाही," वगैरे. मी मान खाली घालून ऐकलं, खोटं कशाला बोलू, आवडलं. मावशी पेढ्यांचं ताट फिरवत होत्या. ताट सरांपर्यंत आलं तेव्हा सर म्हणाले, "मावशी, काम वाचलं, तुमचं नशीब. पण मी विचार केला. ज्यातलं येत नाही ते येतं म्हणून सांगणारं माणूस मला इथे ठेवता येणार नाही. महिना भरा, तोवर दुसरीकडे बघा."

मावशींच्या हातातलं ताट हललं नाही. त्या "बरं" म्हणाल्या, त्या दिवशीसारखंच.

"सर," मी म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, कारण माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला होता. "मशीन बंद करणं माझं काम होतं. मी ते न करता निघून गेले. मी पूजा करत नाही. आम्ही बौद्ध आहोत. दर वर्षी मी सबब सांगून जाते, बँक नाही आणि दाढ नाही. त्या दिवशी मी कोपऱ्यावर झेरॉक्स काढत उभी होते."

"मग सांगायचं ना आधी," सर म्हणाले, आणि त्यांना खरंच लागलं होतं. "मी काय बळजबरी केली असती?"

"तुम्ही विचारलं नाहीत, सर. तुम्ही तबक घेऊन आलात."

हे मी बरोबर बोलले. आजही त्यातला शब्द बदलणार नाही. तिथेच थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, आता सुरुवात केलीच आहे तर सगळंच स्वच्छ करू. म्हणाले, "आणि मावशींना मी काही शिकवलं नव्हतं, काही सांगूनही गेले नव्हते. माझी अडचण होऊ नये म्हणून त्या तुमच्याशी खोटं बोलल्या. त्यांना काढू नका. काढायचं तर मला काढा."

मला काढणार नाहीत हे मला माहीत होतं. त्या आठवड्यात तर नक्कीच नाही.

सरांनी ताटातला एक पेढा उचलला आणि परत ठेवला. मग म्हणाले, "मावशी, राहा तुम्ही. काही जायचं नाही कुठे." आणि दारापर्यंत जाऊन वळले. "पण माझ्याशी परत खोटं बोलायचं नाही. मी तुमच्यावर ऑफिस टाकून जातो." चौदा माणसांसमोर. कोणीतरी उगाच खाकरलं.

मी जिंकल्यासारखी पॅसेजमध्ये गेले. मावशी पाठमोऱ्या उभ्या राहून ताट घासत होत्या. त्या वळून काही म्हणतील म्हणून मी थांबले. ताट घासून झालं तरी त्या घासत होत्या.

"मावशी, राहिली ना नोकरी?"

"राह्यली." पाणी बंद केलं. "तुमचं खरं तुम्ही सांगितलं, ते लई ब्येस केलं. पन माझं खोटं कशापायी सांगितलं? 'म्याच दावलं व्हतं बाईला, माझंच दावायचं चुकलं,' येवढं म्हनला असता, तर कुनाचं काय जानार व्हतं? तीस वर्सं मी लोकांच्या घरात काम केलं. खोटारडी कुनी म्हनलं नव्हतं मला."

त्यांनी ताट पुसून फळीवर उभं केलं, पिशवी घेतली आणि बससाठी निघून गेल्या. ते एक वाक्य मला सुचायला हवं होतं. ते न सुचण्याइतकी मी हुशार होते.